पहिलीच्या वर्गातील फ्रेंच : कॅनडाचा अनुभव आणि आपल्या घरातील मराठी



गेल्या काही वर्षांत आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण कुटुंबे कॅनडाला जाऊन स्थायिक झाली आहेत. तेथे पोहोचल्यावर घर, नोकरी आणि थंडीचे कपडे या तीन चिंता मिटतात न मिटतात तोच चौथी चिंता दारात उभी राहते. मुलाला शाळेत घालायचे, पण इंग्रजीतून की फ्रेंचमधून? शेजारीपाजारी सांगतात, 'फ्रेंच इमर्शनमध्ये घाला, पुढे सरकारी नोकरी सोपी जाते.' इकडे गावी आजी-आजोबांच्या मनात मात्र वेगळीच धास्ती असते. नातू घरी मराठी बोलतो, रस्त्यावर इंग्रजी ऐकतो आणि आता शाळेत फ्रेंच शिकणार. मग फोनवर आमच्याशी तो कोणत्या भाषेत बोलेल?

दोन्ही बाजूंची काळजी रास्त आहे. केवळ ऐकीव गोष्टींवर विसंबून अशा प्रश्नाचा निर्णय होऊ नये. लहान मुलांना फ्रेंच शिकविण्याचे प्रयोग जगात साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहेत आणि त्यांचे निष्कर्ष अभ्यासकांनी काळजीपूर्वक नोंदवून ठेवले आहेत. त्यांतील दोन मोठे प्रयोग, एक कॅनडातील व दुसरा इंग्लंडमधील, आम्ही या लेखात वाचकांपुढे मांडत आहोत. आपल्याकडील शाळांच्या माध्यमाविषयी विचार करणाऱ्या पालकांनाही त्यांतून काही घेता येईल, असे आम्हांस वाटते.

सेंट लँबर्ट येथील पालकांचा हट्ट

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात माँट्रियल हे महानगर आहे. त्याच्या समोर, सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण तीरावर सेंट लँबर्ट नावाचे उपनगर वसलेले आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी तेथे इंग्रजी बोलणारी आणि फ्रेंच बोलणारी कुटुंबे शेजारी शेजारी राहत होती. परंतु त्यांच्यात संवाद असा फारसा नव्हता. याचे एक कारण शाळांच्या रचनेत होते. क्वेबेकमधील सार्वजनिक शाळा त्या काळी धर्मपंथानुसार विभागलेल्या होत्या. फ्रेंच मुले बहुतांशी कॅथलिक मंडळाच्या शाळेत जात, तर इंग्रजी बोलणारी पुष्कळशी मुले प्रॉटेस्टंट मंडळाच्या शाळेत जात. ही पंथनिहाय शाळामंडळे मोडून भाषेनुसार मंडळे स्थापन झाली ती थेट १९९८ साली.

इंग्रजी शाळांत फ्रेंच हा विषय होता; नव्हता असे नाही. रोज थोडा वेळ शब्द पाठ करावेत, क्रियापदे चालवावीत, परीक्षा द्यावी, असा तो क्रम होता. अशा शाळांतून शिकून मोठ्या झालेल्या पालकांना स्वतःचाच अनुभव ठाऊक होता. वर्षानुवर्षे फ्रेंच शिकूनही दुकानदाराशी किंवा शेजारणीशी दोन वाक्ये बोलताना त्यांची जीभ अडखळत असे. दरम्यान क्वेबेकमध्ये वारे बदलले होते. १९६० साली सुरू झालेल्या सामाजिक परिवर्तनाला तेथे 'शांत क्रांती' म्हणतात. या परिवर्तनामुळे फ्रेंच समाज आपल्या भाषेला व्यापारात, कारभारात आणि शिक्षणात मानाचे स्थान मागू लागला. केवळ इंग्रजीवर आपल्या मुलांचा या प्रांतात निभाव लागणार नाही, हे सुज्ञ पालकांनी ओळखले.

१९६३ साली सेंट लँबर्ट येथे काही पालक एकत्र आले. त्यांत ओल्गा मेलिकॉफ, म्युरिएल पार्क्स आणि व्हॅलेरी नील या तीन महिला अग्रभागी होत्या. त्यांची मागणी त्या काळाला अजब वाटावी अशी होती. आमची मुले इंग्रजी घरांतील आहेत, तरीही त्यांना बालवर्गापासून सर्व काही फ्रेंचमधूनच शिकवा, असे त्या म्हणत होत्या. शाळामंडळ राजी नव्हते. मुले दोन्ही भाषांत कच्ची राहतील, गणितात मागे पडतील, गोंधळून जातील, अशी भीती व्यक्त झाली. पालकांनी हार मानली नाही. शाळा सुटल्यावर त्यांनी स्वतःच मुलांसाठी फ्रेंचचे वर्ग चालविले. मॅकगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट आणि विख्यात मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांचा त्यांनी सल्ला घेतला. लँबर्ट यांनी १९६२ साली एलिझाबेथ पील यांच्यासह एक संशोधन प्रसिद्ध केले होते. माँट्रियलमधील दहा वर्षांची द्विभाषिक मुले बुद्धिमापनाच्या चाचण्यांत एकभाषिक मुलांपेक्षा सरस ठरतात, असे त्यांना त्यात आढळले होते. दोन भाषांनी मेंदूवर ओझे पडते, या जुन्या समजुतीला त्यामुळे तडा गेला.

अखेर सप्टेंबर १९६५ मध्ये २६ मुलांचा एक बालवर्ग सुरू झाला. शिक्षिका केवळ फ्रेंच बोलत असे. मुलांनी आरंभी इंग्रजीत उत्तर दिले तरी ती रागावत नसे. ती ते समजून घेई आणि फ्रेंचमध्येच पुढे बोले. हावभाव, चित्रे, गाणी, खेळ आणि पुनरुक्ती यांच्या आधाराने मुले अर्थ लावू लागली. पहिल्या इयत्तेत वाचन, लेखन आणि गणित हे सारे फ्रेंचमधून होते. दुसरीपासून इंग्रजीला रोज सुमारे एक तास मिळू लागला आणि वरच्या इयत्तांत तो वाढत गेला. भाषेच्या पाण्यात मुलाला पूर्णपणे उतरविण्याच्या या पद्धतीलाच 'इमर्शन' हे नाव पडले.

प्रयोगातून काय निष्पन्न झाले?

लँबर्ट आणि त्यांचे सहकारी रिचर्ड टकर यांनी या मुलांची वर्षानुवर्षे तपासणी केली आणि १९७२ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. इंग्रजीचे शिक्षण सुरू होईपर्यंत मुले इंग्रजी वाचनात थोडी मागे होती. ते सुरू झाल्यावर ती लवकरच बरोबरीला आली. गणित फ्रेंचमधून शिकूनही त्यांची प्रगती इंग्रजी शाळेतील मुलांइतकीच होती. फ्रेंच ऐकून समजण्यात तर रोज एक तास फ्रेंच शिकणारी मुले त्यांच्या जवळपासही येऊ शकत नव्हती.

हे यश पाहून हा प्रयोग देशभर पसरला. १९६९ साली कॅनडाने इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही भाषांना संघराज्याच्या अधिकृत भाषांचा दर्जा देणारा कायदा केला. १९७७ साली फ्रेंचचा आग्रह धरणाऱ्या पालकांची एक राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली. आज क्वेबेकबाहेर चार लाखांहून अधिक मुले इमर्शनच्या वर्गांत शिकतात.

तथापि या चित्राला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. टोराँटोतील संशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ साली एक महत्त्वाची उणीव निदर्शनास आणली. इमर्शनमधील मुलांना फ्रेंच समजते ते जवळपास फ्रेंच मुलांइतके. परंतु बोलताना व लिहिताना लिंग, काळ आणि क्रियापदांची रूपे यांत ती वर्षानुवर्षे चुकत राहतात. याचे कारण स्वेन यांनी वर्गातच शोधले. शिक्षक बोलतात आणि मुले ऐकतात. विचारले तर एका-दोन शब्दांत उत्तर देतात. भाषा कानाने कितीही आत गेली तरी तोंडाने बाहेर काढण्याची सक्ती झाल्याशिवाय ती घोटीव होत नाही. शिवाय शाळेच्या फाटकाबाहेर पडताच ही मुले इंग्रजीकडे वळतात. फ्रेंच ही त्यांची वर्गातील भाषा राहते, मैत्रीची भाषा क्वचितच होते.

यांत आणखी दोन अडचणींची भर पडते. चांगले फ्रेंच येणाऱ्या प्राथमिक शिक्षकांचा कॅनडात कायमचा तुटवडा आहे. त्यामुळे जागा मर्यादित राहतात आणि काही ठिकाणी पालकांनी प्रवेशासाठी रात्रभर रांगा लावल्याची किंवा शाळांनी सोडत काढल्याची उदाहरणे आहेत. तसेच सुस्थितीतील घरांची मुले इमर्शनकडे जातात व अधिक मदतीची गरज असलेली मुले इंग्रजी वर्गात राहतात, ही टीकाही सातत्याने होते. इंग्रजी माध्यम आणि मराठी माध्यम अशी विभागणी जवळून पाहिलेल्या आपल्या वाचकांना हे दुखणे अपरिचित वाटू नये.

इंग्लंडचा दहा वर्षांचा धडा

कॅनडात पालकांनी आग्रह धरला, तर इंग्लंडमध्ये शासनानेच पुढाकार घेतला. १९६३ साली तेथे आठव्या वर्षापासून फ्रेंच शिकविण्याची प्रायोगिक योजना सुरू झाली आणि ती १९७४ पर्यंत चालली. नफील्ड प्रतिष्ठानने चित्रे, ध्वनिफिती आणि गाणी असलेले अभ्याससाहित्य तयार केले. शिक्षकांसाठी प्रशिक्षणवर्ग भरले. येथे मात्र इमर्शन नव्हते. इतर सर्व विषय इंग्रजीत आणि फ्रेंच हा रोजचा एक छोटा तास, अशी ही रचना होती.

योजनेचे मूल्यमापन क्लेअर बर्स्टल यांच्याकडे होते. त्यांचा अहवाल १९७४ साली प्रसिद्ध झाला आणि उत्साहावर पाणी पडले. आठव्या वर्षी फ्रेंच सुरू केलेली मुले आणि अकराव्या वर्षी सुरू केलेली मुले यांची सोळाव्या वर्षी तुलना केली, तेव्हा लवकर सुरुवात करणाऱ्यांना ऐकून समजण्यात तेवढी आघाडी होती. बोलणे, वाचणे व लिहिणे यांत विशेष फरक उरला नव्हता. फ्रेंचमुळे मुलांच्या इतर अभ्यासाचे नुकसान झाले नव्हते. परंतु तीन वर्षांच्या श्रमांचे अपेक्षित फळही हाती आले नव्हते.

असे का घडले? एक कारण टीकाकारांनी तेव्हाच दाखवून दिले. माध्यमिक शाळेत गेल्यावर तीन वर्षे फ्रेंच शिकलेली मुले आणि नवशिकी मुले पुष्कळदा एकाच वर्गात बसविली गेली. शिक्षकाला पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ करावा लागला. जे शिकले त्याच्या पुढची पायरीच कोणी बांधली नव्हती. याच अहवालात एक दिलासा देणारी नोंदही आहे. लहान ग्रामीण शाळांतील मुलांनी मोठ्या शाळांतील मुलांपेक्षा चांगली प्रगती केली. तेथे वर्ग लहान होते, निरनिराळ्या वयांची मुले एकत्र शिकत होती आणि शिक्षक प्रत्येक मुलाला ओळखत होता. महागड्या साहित्यापेक्षा ही जवळीक अधिक उपयोगी ठरली.

इंग्लंडने पुढे अनेक वर्षे प्राथमिक शाळेतील परभाषेचा आग्रह सोडला. सप्टेंबर २०१४ पासून मात्र सात ते अकरा वयोगटासाठी एक परभाषा सक्तीची झाली आणि बहुसंख्य शाळांनी फ्रेंचच निवडली.

वय महत्त्वाचे की वेळ?

'लहान मुले भाषा झटकन उचलतात' हे वाक्य आपण सर्वजण बोलतो. डॉ. पेनफिल्ड यांचेही मत असेच होते. नऊ-दहा वर्षांनंतर मेंदू भाषेच्या बाबतीत ताठर होऊ लागतो, असे ते म्हणत. पुढील संशोधनाने या मताला मर्यादा घातल्या. १९७८ साली हॉलंडमध्ये स्नो आणि हूफनागल-हूले यांनी तेथे नव्याने आलेल्या इंग्रजी भाषिकांची डच भाषेतील प्रगती तपासली. पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने शिकली ती बारा ते पंधरा वयाची मुले. तीन ते पाच वयाची बालके मागे होती. स्पेनमध्ये बार्सिलोना येथे कार्मेन मुनोझ यांच्या अभ्यासगटालाही असेच दिसले. शाळेतील तास समान असतील, तर उशिरा सुरू करणारी मुले अधिक लवकर पुढे जातात.

मग लहान वयाचा लाभ कोणता? तो मुख्यतः उच्चारांचा, निःसंकोच वृत्तीचा आणि पुढे उपलब्ध होणाऱ्या वर्षांचा आहे. परंतु तो लाभ पदरात पडण्यासाठी त्या भाषेचा भरपूर सहवास हवा. ऑन्टारिओ प्रांताचे आकडे या दृष्टीने बोलके आहेत. तेथे आठवी संपेपर्यंत साध्या फ्रेंच विषयाचे किमान ६०० तास होतात, विस्तारित अभ्यासक्रमाचे किमान १,२६० तास आणि इमर्शनचे किमान ३,८०० तास होतात. ६०० तासांत मूल अभिवादन करील, सोपा परिच्छेद वाचील. ३,८०० तासांत ते इतिहासाचा धडा फ्रेंचमधून समजून घेईल. मुलाचे वय दोन्हीकडे सारखे असूनही फळ वेगळे मिळते, कारण दिलेला वेळ वेगळा आहे.

प्रौढ वयात भाषा येत नाही, असे तर आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी मुळीच म्हणू नये. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्याला आले तेव्हा त्यांनी तिशी गाठली होती. येथील भाषा त्यांनी त्यानंतर आत्मसात केल्या आणि १६१६ साली रायतूर येथे त्यांचे 'ख्रिस्तपुराण' मुद्रित झाले. त्यांना बालवयाचे वरदान लाभले नव्हते; परंतु भाषेसाठी अखंड सहवास, निकड आणि प्रेम ही तिन्ही त्यांच्यापाशी होती.

मराठी मुलाला फ्रेंच कशी भेटते?

आता थोडे वर्गात डोकावू या. चांगला शिक्षक बालवर्गात व्याकरणाचे नाव काढीत नाही. 'बाँजूर' म्हणून दिवस सुरू होतो. रंग, वार, हवामान, शरीराचे अवयव गाण्यांतून येतात. 'उभे राहा', 'दार उघडा' अशा आज्ञा मुले कृतीने पाळतात. ऐकणे आधी, बोलणे नंतर, वाचणे त्यानंतर आणि लिहिणे सर्वांत शेवटी, असा हा नैसर्गिक क्रम आहे. फ्रेंचमध्ये लिहिलेली पुष्कळ अक्षरे उच्चारली जात नसल्याने तो विशेष आवश्यक ठरतो. जसे लिहावे तसे वाचावे ही देवनागरीची सवय येथे मोडावी लागते.

असे असले तरी इंग्रजी मुलांना जे अवघड जाते, त्यातील काही गोष्टी मराठी मुलाला घरच्याच वाटतात. दरवाजा 'तो' आणि खिडकी 'ती', हे मराठी मूल न शिकविता जाणते. निर्जीव वस्तूला लिंग असू शकते याचे त्याला नवल वाटत नाही. फक्त फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही आणि दरवाजा, घर व टेबल या तिन्ही स्त्रीलिंगी आहेत, एवढे त्याला नव्याने ध्यानात ठेवावे लागते. मित्राला 'त्यू' आणि शिक्षकाला 'वू' हा भेद म्हणजे आपले 'तू' आणि 'तुम्ही'. कोकणी बोलणाऱ्या मुलाच्या नाकातील स्वर तर फ्रेंचसाठी तयारच असतात.

फ्रेंच अंक मोठे गमतीचे आहेत. सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार-वीस' आणि नव्याण्णव म्हणजे 'चार-वीस-दहा-नऊ'. वीस नगांची एक कोडी मोजणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांना हा हिशेब चटकन समजेल. बेल्जियम व स्वित्झर्लंडमध्ये सत्तर व नव्वद यांसाठी सुटसुटीत स्वतंत्र शब्द आहेत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात एकवीसऐवजी 'वीस एक' असे वाचन आले तेव्हा आपल्याकडे केवढा वाद झाला होता, हे वाचकांना आठवत असेल. अंकांची नावे प्रत्येक भाषेत मुलांची परीक्षा पाहतात.

शब्दांचेही एक जुने नाते आहे. पोर्तुगीजांमुळे आपल्या बोलीत आलेले साबण आणि पाव हे शब्द, तसेच गोव्यातील 'इगर्ज' हा चर्चवाचक शब्द यांची मुळे लॅटिनकडे जातात. फ्रेंचमधील 'साव्हाँ', 'पँ' आणि 'एग्लीझ' हे त्यांचेच भाऊबंद आहेत. असे दुवे दाखविले की मुलाला नवी भाषा परकी वाटत नाही.

भर घालणारी भाषा आणि हिरावून घेणारी भाषा

येथवरचे विवेचन वाचून कोणी म्हणेल, मग आमच्या मुलालाही फ्रेंचमध्ये बुडवू या. थांबावे, कारण या विषयाचा गाभा आता येतो.

सेंट लँबर्टची मुले फ्रेंच शिकली, पण त्यांची इंग्रजी कोठे गेली नाही. घर, रस्ता, दूरचित्रवाणी, बाजार, सारे इंग्रजीत होते. उत्तर अमेरिकेत इंग्रजीला कोण धक्का लावणार? लँबर्ट यांनी १९७० च्या दशकात याच मुद्द्यावरून दोन प्रकारची द्विभाषिकता सांगितली. पहिली भर घालणारी. तिच्यात मातृभाषा शाबूत राहते आणि दुसरी भाषा तिच्यात मिळविली जाते. दुसरी हिरावून घेणारी. तिच्यात नवी भाषा येते ती जुनीला बाहेर काढून. पहिल्या प्रकारात मुलाची बुद्धी व आत्मविश्वास वाढतो. दुसऱ्यात मूल दोन्हीकडे अर्धवट राहण्याचा धोका असतो. पद्धत एकच, शाळा एकच, पण घरची भाषा बलवान असेल तर फळ एक मिळते आणि दुबळी असेल तर दुसरे.

कॅनडाच्या इतिहासात या दुसऱ्या प्रकाराच्या वेदनादायक खुणा आहेत. १९१२ साली ऑन्टारिओ शासनाने 'सतरावा विनियम' काढून पहिल्या दोन वर्षांनंतर फ्रेंचमधून शिकविण्यावर कठोर बंधने घातली. ज्या प्रांतात आज इमर्शनसाठी पालकांची चढाओढ चालते, त्याच प्रांतात फ्रेंच मुलांची फ्रेंच तोडली जात होती. ओटावा येथील गीग शाळेत बेआत्रिस व दियान देलोज या दोन शिक्षिका भगिनींनी तो नियम पाळण्याचे नाकारले. १९१६ साली मातांनी हॅट-पिना हातांत घेऊन शाळेवर पहारा दिला. ओब्लेट धर्मगुरूंनी १९१३ मध्ये सुरू केलेल्या 'ल द्रुआ' या वृत्तपत्राने हा लढा लावून धरला.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो, कारण हा वाद कॅथलिकांविरुद्ध इतर असा सरळ नव्हता. लंडन (ऑन्टारिओ) येथील आयरिश वंशाचे बिशप मायकल फॅलन हे द्विभाषिक शाळांचे कडवे विरोधक होते. एकाच वेदीभोवती जमणारे आयरिश आणि फ्रेंच भाविक भाषेपायी दुरावले. शेवटी पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९१६ साली कॅनडाच्या बिशपांना पत्र पाठवून सलोख्याचे आवाहन केले. विनियमाची अंमलबजावणी १९२७ मध्ये थांबली आणि २०१६ साली ऑन्टारिओच्या प्रीमियर कॅथलीन विन यांनी त्याबद्दल विधिमंडळात क्षमा मागितली.

मूळनिवासी मुलांच्या वाट्याला तर याहून दारुण भोग आले. निवासी शाळांत त्यांना आईवडिलांपासून तोडले गेले आणि स्वतःच्या भाषेत बोलल्याबद्दल शिक्षा झाल्या. यांतील पुष्कळ शाळा ख्रिस्तसभेच्या संस्था चालवीत होत्या. २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी आल्बर्टातील मास्कवासिस येथे जाऊन याबद्दल क्षमायाचना केली. मुलाच्या तोंडची भाषा काढून घेणे हा त्याच्या आई-आजीला त्याच्यापासून तोडण्याचाच एक मार्ग आहे, हे या इतिहासाने शिकविले.

आपल्या कुटुंबांनी काय करावे?

कॅनडात गेलेल्या पालकांनी प्रथम एवढे समजून घ्यावे की 'फ्रेंच शिकणे' या नावाखाली तेथे निरनिराळी दारे आहेत. ऑन्टारिओत इंग्रजी शाळेत चौथीपासून आठवीपर्यंत फ्रेंच हा विषय सर्वांनाच असतो आणि नववीत एक अभ्यासक्रम करावा लागतो. इमर्शन हे ऐच्छिक आहे आणि शासनाच्या खर्चाने चालणाऱ्या कॅथलिक शाळांतही अनेक ठिकाणी उपलब्ध आहे. पूर्ण फ्रेंच शाळा मुख्यतः फ्रेंच भाषिक कुटुंबांसाठी असतात. क्वेबेकची गोष्ट वेगळी. १९७७ च्या फ्रेंच भाषा सनदेनुसार नव्याने आलेल्या कुटुंबांच्या मुलांना तेथील सार्वजनिक शाळेत सामान्यतः फ्रेंचमधूनच शिकावे लागते. फ्रेंच न येणाऱ्या मुलांसाठी आरंभी स्वागतवर्ग असतात.

आपल्या मुलाच्या बाबतीत एक गणित ध्यानात ठेवावे. इंग्रजी घरातील मुलाला फ्रेंच ही दुसरी भाषा असते. मराठी घरातील मुलाला ती तिसरी असते. त्यामुळे इमर्शनचे यश जसेच्या तसे आपल्याला लागू होत नाही. इंग्रजी त्याला परिसरातून मिळेल, फ्रेंच शाळेतून मिळेल. मराठी देणारे मात्र आई-वडिलांवाचून कोणी नाही. शाळेने फ्रेंचची जबाबदारी घेतली म्हणून पालकांनी घरी इंग्रजी सुरू केली, तर ते मूल आपला पाया गमावून बसेल. उलट घरी मराठी, वसईकरांच्या घरी कादोडी, गोवेकरांच्या घरी कोकणी निःसंकोच चालू राहिली तर तीच पुढील भाषांना आधार देईल. मराठीत गोष्ट सांगता येणारे मूल ती फ्रेंचमध्येही सांगू लागते, कारण गोष्टीची जुळणी त्याला आधीच साधलेली असते. ऑन्टारिओतील शाळामंडळे पुरेशा पालकांनी मागणी केल्यास शनिवारी किंवा शाळा सुटल्यावर इतर भाषांचेही वर्ग चालवितात. चार मराठी कुटुंबांनी एकत्र येऊन अशी मागणी करण्यास संकोच वाटू नये. सेंट लँबर्टच्या त्या तीन महिलांपाशी तरी चिकाटीवाचून दुसरे काय होते?

इकडे महाराष्ट्रात राहणाऱ्यांनाही यातून बोध घेता येईल. कोणत्या इयत्तेत किती भाषा, हा प्रश्न २०२५ साली आपल्या राज्यात किती तीव्र झाला ते सर्वांनी पाहिले. पहिलीपासून तिसरी भाषा आणण्याचे शासन निर्णय जून २०२५ अखेर मागे घ्यावे लागले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शक्यतो किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण आणि माध्यमिक स्तरावर फ्रेंचसारख्या परदेशी भाषा, असा क्रम सुचविला आहे. काही खासगी शाळा पहिलीपासून आठवड्याला एक-दोन तास फ्रेंच शिकवितात व त्यासाठी वेगळे शुल्क आकारतात. अशा शाळेची जाहिरात पाहून भारावून जाण्यापूर्वी पालकांनी तीन प्रश्न विचारावेत. शिकविणाऱ्याला फ्रेंच अस्खलित बोलता येते का? आठवड्याला किती वेळ मिळणार? आणि पुढील इयत्तांत हाच धागा चालू राहणार की पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ होणार? इंग्लंडची योजना अडली ती विशेषतः या तिसऱ्या प्रश्नावर.

फ्रेंच ही समृद्ध भाषा आहे. जगात तिचे ३२ कोटींहून अधिक भाषक असल्याचा अंदाज २०२२ साली फ्रेंच भाषिक राष्ट्रांच्या संघटनेने दिला आणि त्यांतील मोठा वाटा आफ्रिकेत आहे. आपल्या मुलांनी ती अवश्य शिकावी, आनंदाने शिकावी. मात्र मुलाच्या दप्तरात नवे पुस्तक ठेवताना जुने कोणते बाहेर पडत आहे, हे आई-वडिलांनी आधी पाहावे. परदेशातील नातवंडांशी बोलताना आजी-आजोबांनीही तुटक्या इंग्रजीचा आश्रय न घेता आपल्या बोलीतच बोलावे. आठवड्यातून एकदा फोनवर मराठीत सांगितलेली एक गोष्ट त्या मुलासाठी फार मोलाची ठरेल, कारण ती त्याला तेथील कोणत्याही शाळेत मिळणार नाही.